मग तुम्ही खाता तरी काय?

डायलिसिसवर आहे म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "दुखतं का हो?" सुया टोचताना दुखतं, नंतरचे चार तास नुसता कंटाळा. दुसरा प्रश्न माझ्या ताटाकडे बघून येतो. "मग तुम्ही खाता तरी काय?" त्या आवाजात इतकी कणव असते की मी बहुतेक वेळा "सगळं खाते, थोडं थोडं" म्हणून विषय मिटवते. पण अलीकडे हा प्रश्न दोन-तीनदा अशा माणसांकडून आला की ज्यांच्या हातात स्वतःचा नवाकोरा रिपोर्ट होता. त्यांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता. त्यांना "थोडं थोडं" सांगून कसं भागेल?

किडनी निकामी होत चालल्याचं कळलं तेव्हा मला एक कागद मिळाला होता. वर ठळक अक्षरांत "हे टाळा", खाली केळी, संत्री, टोमॅटो, बटाटे, पालक, सुकामेवा, दूध, चीज, डाळी, लोणची. मी तो फ्रिजच्या दाराला चिकटवला आणि त्यावरचं झाडून सगळं बंद केलं. कागदावर नसलेलंही बरंच बंद केलं, कारण भीतीला यादी पुरत नाही. दोन महिन्यांत वजन चार किलोंनी उतरलं, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन घसरलं. मला वाटत होतं, आपण किती गुणी पेशंट! प्रत्यक्षात मी उपाशी होते, एवढंच. डाएटिशियनबाईंनी तो कागद मागून घेतला, पेन काढलं आणि एकेका पदार्थापुढे लिहीत गेल्या, "किती?"

बटाट्याचंच घ्या. साल काढायची, पातळ काप करायचे, भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. जमलं तर नव्या पाण्यात पुन्हा एक उकळी. निकामी किडनीला बाहेर टाकता न येणारं पोटॅशियम असं पाण्यात उतरतं आणि पाण्याबरोबर जातं. नुसतं रात्रभर भिजत घालण्यापेक्षा उकळण्यानं जास्त जातं. चवही थोडी जाते, खोटं कशाला सांगू. पण असा वाटीभर बटाटा मी खाते आणि रिपोर्ट बिघडत नाही. भाजलेला, सालासकट बटाटा मात्र नाही. भाजी शिजवलेलं पाणी रस्स्यात घालायची जुनी काटकसरही सुटली.

पोटॅशियमनं मला एकदा चांगलाच इंगा दाखवला, आणि तोही मिठामुळे. मीठ कमी करा म्हणून सांगितलं होतं. अळणी जेवण घशाखाली उतरेना, म्हणून मी कमी सोडियमचं मीठ आणलं आणि निर्धास्तपणे वापरू लागले. पुढच्या रक्ततपासणीत पोटॅशियम ६.४. ते साधारण ३.५ ते ५ च्या आत हवं असतं. संध्याकाळी लॅबमधून फोन, लगोलग ईसीजी, आणि रात्री ठरलेला वार नसताना डायलिसिस. मला काय होत होतं म्हणाल, तर फारसं काही नाही. जिना चढताना पाय जड वाटत होते, तेही मी वयाच्या खात्यावर टाकले होते. पोटॅशियम असंच बिनबोभाट वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. घरी येऊन डबा उजेडात धरला. सोडियम कमी केलं होतं, त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलं होतं. लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात. आता चव लिंबू, मिरी, लसूण यांच्याकडून घेते आणि मीठ साधंच, मोजून.

एका फळाबाबत मात्र "किती?" हा प्रश्नच नाही. स्टारफ्रूट, म्हणजे कमरख. त्यातलं विष निकामी किडनीला बाहेर टाकता येत नाही आणि ते मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, जीवही जाऊ शकतो. एक फोडसुद्धा नको.

सगळ्यात जास्त गोंधळ प्रथिनांनी घातला. डायलिसिस सुरू होण्याआधी माझ्यासाठी ती वजनाच्या किलोमागे ०.६ ग्रॅमच्या आसपास ठरवली होती. माझं वजन ५० किलो, म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, त्यावरून काय ते समजा. घरच्यांनी हे असं पाठ केलं की डायलिसिस सुरू झाल्यावर डाएटिशियननं "आता ६० ग्रॅम खा" म्हटलं तर कुणाचा विश्वास बसेना. यजमान म्हणाले, "बाई चुकून दुप्पट बोलल्या." चुकल्या नव्हत्या. डायलिसिसमध्ये रक्तातून घाणीबरोबर अमिनो आम्लंही निघून जातात, ती भरून काढावी लागतात. म्हणून दुसऱ्या पेशंटचा डाएट चार्ट उतरवून घेऊ नका. माझाही नको. पोटाचं डायलिसिस करणाऱ्या एका ओळखीच्या बाई माझ्यासमोर केळं खातात. त्यांचं पोटॅशियम रोजच्या रोज निघतं, माझं आठवड्यातून तीनदा. मत्सर वाटतो, पण तेवढ्यापुरता.

फॉस्फरसबद्दल थोडक्यात सांगते. तो वाढला की रात्री अंगाला अशी खाज सुटते की झोपेचं खोबरं होतं, आणि आतल्या आत हाडं पोखरली जातात. डाळींतला फॉस्फरस शरीर अर्धामुर्धाच उचलतं, पण कोला आणि पाकीटबंद मांसात घातलेला जवळजवळ पूर्ण शोषला जातो. त्यामुळे डाळ माझ्या ताटात परत आली आणि पाकिटं गेली. पाकीट घ्यायचंच झालं तर घटकांच्या यादीत "फॉस्फ" ही अक्षरं शोधायची. जेवणातला फॉस्फरस अडवणारी गोळी जेवतानाच घ्यायची, तासाभरानं आठवली तर तिचा उपयोग नाही.

खरं सांगू? या सगळ्याची सवय होते. तहानेची होत नाही.

माझा पाण्याचा नियम असा की आदल्या दिवशीची लघवी अधिक ५०० मिली, तेवढंच दिवसभरात प्यायचं. माझी लघवी आता जेमतेम २५० होते, म्हणजे दिवसभराला पाऊण लिटर. त्यात चहा आला, सूप आलं, गोळ्या गिळायचं पाणी आलं, आइस्क्रीमही आलं. सकाळी एका बाटलीत मी ७५० मिली पाणी भरून ठेवते. चहा घेतला की कपभर पाणी बाटलीतून कुंडीत ओतते. दुपारी चारला बाटलीच्या तळाशी बोटभर उरलं असेल तर रात्र मोठी जाते. मग बर्फाचा एक खडा गालात धरायचा. तो चावायचा नाही, जिभेनं ढकलायचाही नाही, त्याला आपल्या चालीनं विरघळू द्यायचं. घोटभर पाणी असं दहा मिनिटं पुरतं. आणि मीठ जास्त पडलं त्या दिवशी बर्फाचाही इलाज चालत नाही, म्हणून पाण्याचं पथ्य खरं तर मिठापासूनच सुरू होतं.

चोरी लपत नाही. डायलिसिसच्या खोलीत शिरताच वजनकाटा असतो. एक लिटर म्हणजे एक किलो. "आज तीन किलो वाढवून आलात," असं सिस्टर म्हणतात तेव्हा मी खिडकीबाहेर बघते. तेवढं पाणी चार तासांत ओढून काढलं की पायांत गोळे येतात, रक्तदाब पडतो आणि उरलेला दिवस अंथरुणात जातो.

या सगळ्यात घरची माणसं शिकली. बाहेरची प्रेमळ माणसं अवघड. "एक घोटानं काय होतंय?" म्हणणारी, आणि त्यांच्याहून अवघड म्हणजे मला बघून स्वतःचं ताट झाकणारी. झाकू नका हो, मला वास तरी घेऊ द्या. एका मैत्रिणीकडे मी जाणंच कमी केलं होतं. ती दर वेळी वेगळं काहीतरी करून ठेवायची, मी नको म्हणायचे, आणि दोघी हिरमुसायचो. मागच्या आठवड्यात गेले, तर तिनं गॅसवर आधण ठेवलं आणि माझ्या पिशवीकडे हात केला.

"बाटलीत किती उरलंय?"

"३००."

तिनं लहान कप काढला.