टाळ्या पुसलेली मैफल

बेळगावात बैठकीला बसून कान तयार झालेल्यांना किंग क्रिमसन हा ब्रिटिश रॉक बँड ऐकवायचा असेल, तर सुरुवात त्यांच्या 'ट्रायो' या रचनेपासून करा. २३ नोव्हेंबर १९७३, ॲम्स्टरडॅम. डेव्हिड क्रॉसचं व्हायोलिन, जॉन वेटनचा बेस, रॉबर्ट फ्रिपच्या मेलोट्रॉनवर (टेपवर ध्वनिमुद्रित केलेले सूर वाजवणारं पट्ट्यांचं वाद्य) बासरीचा आवाज, आणि सगळी जागच्या जागी सुचलेली उपज. जॅझवर पोसलेला ड्रमर बिल ब्रुफर्ड काठ्या छातीशी आडव्या धरून बसून राहिला, शेवटपर्यंत एक ठोका दिला नाही. तरी श्रेयात त्याचं नाव आहे आणि ते असायलाच हवं. आलाप चालू असताना तबल्यावर हात न टाकणं किती अवघड, हे तबलजीला विचारा.

या मैफलीतले तुकडे टाळ्या पुसून १९७४च्या 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'मध्ये घातले, म्हणून तो अल्बम अनेकांना स्टुडिओतला वाटतो. अख्खी मैफल १९९७ मध्ये 'द नाइट वॉच' नावाने दोन सीडींवर आली. घ्यायची तर हीच.

याच मैफलीतली 'फ्रॅक्चर' मात्र उपज नव्हे, फ्रिपने काटेकोर बांधलेली चीज आहे. तिचे स्वर पेटीवर काढून बघा. काळी एकचा सा धरा: काळी एक, काळी दोन, मग पांढरी चार, पाच, सहा, सात. म्हणजे सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. पंचम नाही, शुद्ध मध्यमही नाही. मनात सा-पचा तंबोरा धरून ऐकलंत की पाय ठेवायला जागाच सापडत नाही. तो अधांतरीपणा मुद्दाम आणलेला आहे.

मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली जेमतेम आठ सेकंदांची टेप असते. ती संपली की सूर तुटतो, म्हणून पट्टी सोडून पुन्हा दाबावी लागते. मोटरवर ताण आला की सूर उतरतो. खानापूरकडे व्होल्टेज पडल्यावर टेपरेकॉर्डर जड आवाजात गायचा, अगदी तसा.

मोबाइलच्या स्पीकरवर वेटनचा बेस जातो आणि बेसशिवाय ही उपज नुसती खुडबुड वाटते. हेडफोन लावा, पंखा बंद करा, कारण 'ट्रायो' फार हळू सुरू होतं. मैफलीत त्याआधीची 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' याच नावाची लांब उपज पहिल्यांदा विस्कळीत वाटेल. तेव्हा गिटार सोडून द्या आणि बेस धरा. लय कुठून उगवते ते तिथेच कळतं.