पहिली कादंबरी, जुनी नोकरी

रहस्य आणि भय या दोन खात्यांत ‘पदार्पण’ या शब्दाला भलताच भाव आहे. इंग्रजी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक गोल शिक्का, त्यात ‘थरारक पदार्पण’ असं काहीसं, आणि खाली कुणा खपाऊ लेखकाचं एका ओळीचं प्रमाणपत्र. वाचकाला वाटतं, कुणीतरी पहिल्यांदाच लेखणी उचलली आणि थेट खून पाडला. तसं सहसा नसतं. पहिली छापलेली कादंबरी ही पहिली लिहिलेली कादंबरी क्वचितच असते. अगाथा ख्रिस्तीने पहिल्या रहस्यकादंबरीआधी कैरोच्या पार्श्वभूमीवर एक कादंबरी लिहून पाहिली होती, ती कुणी छापली नाही. स्टीफन किंगची ‘कॅरी’ १९७४ साली बाजारात आली, तेव्हा त्याच्या खात्यावर आधीच पुऱ्या केलेल्या तीन कादंबऱ्या होत्या. पॅट्रिशिया कॉर्नवेलच्याही तीन कादंबऱ्या साभार परत आल्या आणि मग १९९० मध्ये ‘पोस्टमॉर्टेम’ निघाली. पदार्पण म्हणजे काय, तर चौथ्या खेपेला उघडलेलं दार.

मग ट्रंकेत पडून राहिलेल्या आणि बाहेर पडलेल्या कादंबरीत फरक काय असतो? शैली सुधारलेली असते, हे खरंच. पण बरेचदा उत्तर लेखकाच्या जुन्या नोकरीत सापडतं. जी छापली गेली, तिच्यात ती नोकरी शिरलेली असते.

ख्रिस्तीचंच घ्या. पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या इस्पितळात आधी रुग्णसेवा करत होती, नंतर औषधं बनवण्याच्या खोलीत गेली. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर कंपाउंडर झाली. या कामात गर्दीचे तास आणि रिकामे तास असे दोनच प्रकार. रिकाम्या तासांत समोर कपाटभर विषाच्या बाटल्या, आणि डोक्यात थोरल्या बहिणीने टाकलेलं आव्हान, की तुला काही रहस्यकादंबरी जमायची नाही. १९१६ मध्ये ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ लिहून झाली. बराचसा भाग डार्टमूरच्या माळावरच्या एका हॉटेलात, दोन आठवड्यांच्या सुट्टीत. खून विषानेच व्हायचा हे वेगळं ठरवावं लागलंच नाही. गावात बेल्जियमहून आलेले निर्वासित होते, त्यांतून तिला तिचा गुप्तहेर पॉयरो मिळाला. सगळा माल घराच्या आसपासचा.

ज्यांना ती कादंबरी अजून वाचायची आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल ओलांडावा. खुनी सांगत नाही, पण युक्ती सांगितल्याशिवाय मुद्दा कळणार नाही.

त्या काळी स्ट्रिक्निन हे विष अगदी थोड्या प्रमाणात शक्तिवर्धक औषधात घालत. ब्रोमाइड ही झोपेची साधी पूड. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीतली, दोन्ही सभ्य. पण ब्रोमाइड त्या औषधात मिसळलं की स्ट्रिक्निनचं एक न विरघळणारं मीठ तयार होतं आणि बारीक स्फटिकांच्या रूपात तळाशी बसतं. बाटली न हलवता रोजचा डोस घेत राहिलं, तर सगळं विष शेवटच्या डोसात गोळा होतं. मारेकरी तेव्हा कुठेही असू शकतो. औषध बनवणाऱ्याला हा धडा पहिल्या काही महिन्यांत घोकावा लागतो, कारण ही त्याच्या हातून होऊ शकणारी चूक आहे. ख्रिस्तीने फक्त चुकीला हेतू जोडला. औषधशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकाने कादंबरीचं परीक्षण छापून विषाचा भाग बिनचूक असल्याचं कौतुक केलं. रहस्यकादंबरीला याहून मोलाचा अभिप्राय मिळणं कठीण.

तिच्या उमेदवारीच्या काळातला एक औषधविक्रेताही आत्मचरित्रात भेटतो. त्याने एकदा हिशेबात दशांशचिन्ह चुकवलं आणि औषधाच्या वड्या जास्त ताकदीच्या झाल्या. नवशिक्या मुलीने गुरूला ‘तुमचं चुकलं’ कसं म्हणायचं? तिने ठेच लागल्याचं नाटक करून ट्रे पाडला आणि वड्या पायाखाली चिरडल्या. हाच गृहस्थ क्युरारे नावाच्या विषाचा खडा खिशात बाळगायचा, कारण त्याने आपण बलवान आहोत असं वाटतं, असं तो सांगे. १९६१ साली आलेल्या एका कादंबरीसाठी ख्रिस्तीला तो पुन्हा आठवला. नोकरीत जमवलेला माल असा पंचेचाळीस वर्षं पुरतो.

पैशाचं मात्र बोलू नये. प्रकाशकांचे नकार पचवून पुस्तक १९२० मध्ये आधी अमेरिकेत निघालं, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्लंडात. मानधन दोन हजार प्रती खपल्यावर सुरू होणार होतं, आणि पुढची पाच पुस्तकंही त्याच प्रकाशकाला बांधलेली होती. हाती पडले ते पंचवीस पौंड, तेही कादंबरी क्रमशः छापण्याच्या हक्कांतला वाटा म्हणून. पण त्या प्रकाशकाचा एक उपकार मान्य करायला हवा. मूळ शेवट न्यायालयात होता. पॉयरो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून सगळा उलगडा करत होता. कुठलं न्यायालय साक्षीदाराला एवढं बोलू देईल? प्रकाशकाने शेवट बदलायला लावला आणि उलगडा दिवाणखान्यात गेला. औषधालय तिला माहीत होतं, न्यायालय नव्हतं. पहिल्या कादंबरीत सांधा निखळतो तो नेमका अशा ठिकाणी, जिथे लेखकाचं स्वतःचं ज्ञान संपून दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांतून उचललेलं ज्ञान सुरू होतं.

कॉर्नवेल व्हर्जिनिया राज्याच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयात काम करत होती. तांत्रिक लेखन आणि संगणक सांभाळणं हे तिचं काम, शवविच्छेदन नव्हे. रोज शवागारात जाऊनही परत आलेल्या तीन कादंबऱ्यांत तिचा नायक एक पुरुष गुप्तहेर होता. एका संपादिकेने तिला सुनावलं, की तुझी ती दुय्यम भूमिकेतली डॉक्टरीण पुढे आण आणि जे रोज बघतेस ते लिही. ‘पोस्टमॉर्टेम’मध्ये कार्यालयाच्या संगणकात कुणीतरी बाहेरून घुसतं, हा कथानकातला महत्त्वाचा धागा आहे. १९९० च्या कादंबरीत हे कुणाला सुचेल? जिला तो संगणक सांभाळावा लागतो तिला. एडगर, क्रीझी, अँथनी आणि मॅकाव्हिटी असे पहिल्या कादंबरीचे चारही पुरस्कार त्या पुस्तकाने मिळवले.

भयकादंबरीत नोकरी वेगळ्या वाटेने येते. तिथे कामाचं ज्ञान फारसं उपयोगी नाही, कामाच्या जागी आलेली अस्वस्थता उपयोगी पडते. किंगने तरुणपणी एका उन्हाळ्यात शाळेत सफाईचं काम केलं. मुलींच्या न्हाणीघराच्या भिंतींवरचे गंजाचे डाग घासताना त्याला दोन गोष्टी दिसल्या. मुलांच्या न्हाणीघरात नसलेले गुलाबी प्लास्टिकचे पडदे, आणि भिंतीवर पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तूंची पेटी. वयात येणाऱ्या मुलींच्या आसपास वस्तू आपोआप हलतात, असा एक लेख त्याने मासिकात वाचला होता. पडदा, पेटी आणि लेख एकत्र आले आणि ‘कॅरी’चा पहिला प्रसंग उभा राहिला. तीन पानं लिहून त्याने ती चुरगळून टोपलीत टाकली, कारण पडद्यापर्यंतच त्याला माहिती होती, पडद्याआड काय चालतं याची नव्हती. बायकोने, टॅबिथाने, पानं उचलून वाचली आणि म्हणाली, पुढे लिही, मुलींचं मी सांगते. अडीच हजार डॉलर आगाऊ मिळाले. स्वस्त आवृत्तीचे हक्क चार लाखांना गेले, त्यातले निम्मे त्याचे. तोवर तो शाळेत इंग्रजी शिकवत होता.

अँड्र्यू मायकल हर्लेच्या ‘द लोनी’त नोकरीची जागा गावाने घेतलेली आहे. इंग्लंडच्या वायव्येला लँकेशरचा किनारा, मोरकॅम्ब उपसागराचा परिसर. तिथे ओहोटीला मैलोन्‌मैल वाळू उघडी पडते आणि भरती माणसाच्या चालीपेक्षा वेगाने आत येते. आजही पलीकडे चालत जाणाऱ्यांसाठी राजाने नेमलेला वाटाड्या असतो. हर्लेने या किनाऱ्यावर एक कॅथलिक मंडळी आणून ठेवली, मुक्या मुलाला बरं करायला तीर्थयात्रेला आलेली. भूत असं दाखवायला जवळजवळ काहीच नाही. भरतीची वेळ मात्र पानोपानी. २०१४ मध्ये यॉर्कशरच्या टार्टरस प्रेसने जेमतेम तीनशेच्या आसपास प्रती काढल्या, वर्षभरात मोठ्या प्रकाशकाने ती उचलली आणि कोस्टाचा पहिल्या कादंबरीचा पुरस्कार तिने पटकावला. तळघरात नेमकं काय झालं, हे हर्ले शेवटपर्यंत धड सांगत नाही. काही वाचक यावरून चिडतात. माझ्या मते सांगितलं असतं तर पुस्तक आठवडाभरही लक्षात राहिलं नसतं.

आणि इथेच नवोदितांची गफलत होते. रहस्यात सांगायचं ते दडपून ठेवतात आणि भयात झाकायचं ते उघडं करतात.

रहस्यात पहिली गडबड संशयितांची. पाच-सहा पुरतात. नवा लेखक नऊ आणतो, प्रत्येकाला एक गुपित देतो, आणि वाचक मागे जाऊन नावं शोधू लागतो. दुसरी गडबड म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याला सगळं ठाऊक असूनही तो ‘त्या रात्रीचं मला आठवायचं नाही’ म्हणत तीनशे पानं काढतो. हे रहस्य नव्हे, अडवणूक आहे. धागा लपवायचा तर उघड्यावर लपवावा लागतो. टेबलावरच्या पाच वस्तूंची यादी द्यायची आणि कामाची वस्तू तिसरी ठेवायची. पहिली आणि शेवटची वाचकाच्या ध्यानात राहते, मधली निसटते. किंवा महत्त्वाचं वाक्य उच्चारलं जाताच दारावर कुणीतरी यायला हवं. सर्वांत उत्तम म्हणजे खून होण्याआधीच धागा देऊन टाकायचा, कारण तेव्हा वाचक हिशेब ठेवत नसतो. मोबाइलमुळे आणखी एक डोकेदुखी वाढली आहे. एक फोन केला तर गोष्ट संपते, म्हणून दर तिसऱ्या कादंबरीत ऐन वेळी बॅटरी मरते. डोंगरात रेंज नसणं पटतं. पुण्यात पटत नाही.

भयात पहिली चूक म्हणजे गावातला म्हातारा किंवा ग्रंथपाल, जो कादंबरीच्या मध्यावर येऊन चार पानं शापाचा इतिहास सांगतो. तो इतिहास कळला की भीती अभ्यासक्रम होते. दुसरी चूक स्वप्नांची. स्वप्नात घाबरवलं आणि जागं केलं, असं दोनदा झालं की वाचक तिसऱ्या खऱ्या प्रसंगावरही विश्वास ठेवत नाही. याउलट मार्क डॅनिएलेव्स्कीची पहिली कादंबरी ‘हाउस ऑफ लीव्हज’ पाहा. २००० साली आलेल्या या जाडजूड पुस्तकात भय सुरू होतं ते मोजपट्टीने. घराची आतली रुंदी बाहेरच्या रुंदीपेक्षा पाव इंचाने जास्त भरते. पुन्हा मोजतात, पुन्हा तेच. पाव इंच! दहा फूट असती तर कुणी घाबरलं नसतं.

मराठी वाचकाची भयाची सवय जरा निराळी आहे. ती दिवाळी अंकांत आणि वाचनालयाच्या बांधणी केलेल्या, कडा झिजलेल्या पुस्तकांत तयार झाली. मतकरींची गूढकथा वीस-तीस पानांत झटका देऊन मोकळी होते, धारपांची कादंबरी एका रात्रीत आटोपते. साडेतीनशे पानं भीती तेवत ठेवणं हा वेगळा उद्योग आहे, आणि इंग्रजीतली नवी साहित्यिक भयकादंबरी हाती घेताना पहिली सत्तर पानं ‘अजून काहीच झालं नाही’ असं वाटलं तर दोष दोघांचाही नसतो.

रहस्य आणि भय एकत्र करणाऱ्यांची कसरत सर्वांत अवघड. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यात अलौकिकाला सरसकट बंदी आहे. भयकादंबरी त्याच अलौकिकावर जगते. मग ज्या कादंबरीत मुलं नाहीशी होतात आणि वस्तीला जिनाचा संशय येतो, तिने कुणाचा कायदा पाळायचा? दीपा अनप्पारा यांच्या ‘जिन्न पट्रोल ऑन द पर्पल लाइन’ या पहिल्या कादंबरीने (२०२०) यावर चांगला मार्ग काढला. तपास करतो नऊ वर्षांचा जय, टीव्हीवरच्या पोलिसी मालिका पाहून शिकलेला. त्याच्या वयात जिन आणि पोलीस दोघेही सारखेच खरे आणि सारखेच निरुपयोगी असतात. अनप्पारा आधी पत्रकार होत्या, मुंबई-दिल्लीत गरीब मुलांच्या शिक्षणावर लिहीत होत्या. म्हणजे नोकरी इथेही हजर आहे, धुरकं, शाळा आणि पाण्याच्या रांगेसकट. अमेरिकेतल्या एडगर पुरस्कारात पहिल्या कादंबरीचा विभाग फक्त अमेरिकी लेखकांसाठी असतो. त्यामुळे हे पुस्तक मुख्य विभागात मुरलेल्या लेखकांसमोर उभं राहिलं आणि २०२१ मध्ये जिंकलं.

नवं पुस्तक घेणाऱ्याला एकच व्यवहारी सूचना. अशा कादंबरीच्या शेवटी ऋणनिर्देश असतो आणि पहिलटकर लेखक त्यात कुणालाच वगळत नाही. तो आधी वाचू नये. पोलीस अधिकाऱ्याचे आभार चालतील, संपादकाचे चालतील, पण ‘बुरशीबद्दलच्या माझ्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरं देणाऱ्या डॉक्टरांचे’ आभार दिसले की तीनशे रुपये आणि दोन संध्याकाळी पाण्यात गेल्या समजा.