पडलं की पाडलं?

मे महिन्यातली संध्याकाळ. नागपूरच्या सक्करदऱ्यात माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे आणि सहाची बॅच नोकरी करणाऱ्यांची. कूलर असा घरघरतो की त्याच्यावर आवाज चढवूनच शिकवावं लागतं. त्या दिवशी फळ्यावर क्रियापदांचे प्रकार होते. मुख्य, सहाय्यक, मग कॅन-कुड-मे-माइट-मस्टची रांग. हा तक्ता मी इतक्यांदा काढलाय की खडू आपसूक चालतो, डोकं लागत नाही.

वर्धा रोडकडच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा पोट्टा उशिरा आला. एरवी पहिल्या बाकावर असतो, त्या दिवशी शेवटच्या. मी सकर्मक-अकर्मकवर आलो तसा तो उठून पुढे आला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "सर, हे वाचता का जी?"

गोदामात पॅलेट, म्हणजे माल रचायची फळी, पडून काचेच्या भांड्यांच्या पेट्या फुटल्या होत्या. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. यानं रात्री बसून, कोणाला न विचारता, स्वतः लिहिला: 'आय ब्रोक द बॉक्सेस. आय फेल द पॅलेट. आय ॲम नोइंग द रूल्स.' त्याखाली ऑफिसचं उत्तर. तुम्ही चूक कबूल केलीच आहे, तेव्हा पगारातून ११,५०० रुपये कापले जातील. आणखी काही सांगायचं असेल तर उद्या दहापर्यंत कळवा.

"पण सर, मी पाडलं नाही ना जी! पट्टा तुटला, पॅलेट पडलं, पेट्या फुटल्या. मी तेच तर लिवलं."

तिसरं वाक्य आधी निकालात काढतो. आपण नागपूरकर 'समजून राहिलं', 'आवडून राहिलं' बिनदिक्कत म्हणतो, म्हणून इंग्रजीतही नो, लाइक, अंडरस्टँड यांना आयएनजी चिकटवतो. ही स्थितीची क्रियापदं, ती सहसा चालू काळात जात नाहीत. हे दर बॅचला सांगतो, दर बॅच विसरते. त्यानं कोणाचा पगार कापला जात नाही.

पहिली दोन वाक्यं मात्र माझ्या वर्मी लागली. पहिल्या महिन्यात मीच सगळ्यांकडून घोकून घेतो: वाक्य 'आय'नं सुरू करा, भीती जाते. आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. पोट्ट्यानं माझाच साचा वापरला आणि न केलेली गोष्ट स्वतःच्या अंगावर घेतली.

तक्ता पुसला. फळ्यावर लिहिलं: पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, मरणे-मारणे. विचारलं, फरक काय? एका दवाखान्यात नर्स असलेल्या ताई म्हणाल्या, "पहिलं आपोआप होते, दुसरं कोणीतरी करते." बस, अकर्मक-सकर्मकची याहून सोपी व्याख्या मला आजवर जमली नाही. आपल्याकडे तर भूतकाळात कर्त्याला 'ने' लागून गुपित फुटतं: पेटी फुटली, पण त्यानं पेटी फोडली. शिकणे, विसरणे, बोलणे अशी काही चुकार क्रियापदं हा नियम पाळत नाहीत, पण ती बोटांवर मोजण्याइतकी. 'मी'ला मात्र तो 'ने' दिसतच नाही.

आणि इंग्रजीत? पडलं तर फॉल (भूतकाळात फेल), हातून पाडलं तर ड्रॉप, शब्दच वेगळा. 'फेल' या रूपात पाडणे आहे खरं, पण ते झाडं पाडायला. पॅलेटला चालत नाही. राइज-रेझ, लाय-ले, सिट-सेट या जोड्यांत आपल्या पड-पाडसारखाच स्वरबदल आहे, इंग्रजी ज्या कुळातली त्या जुन्या जर्मानिक भाषांतल्या प्रयोजक, म्हणजे 'करायला लावणाऱ्या', रूपांचा उरलेला अवशेष. बाकी बहुतेक ठिकाणी इंग्रजीनं हा फरक सोडून दिला. ब्रेक म्हणजे फुटणेही आणि फोडणेही. तसंच ओपन, स्टॉप, बॉइल, मेल्ट. आपल्याकडे 'मोडणे' तसं आहे: खुर्ची मोडली, त्यानं खुर्ची मोडली.

मी कूलरचा प्लग काढला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. "सांगा इंग्रजीत!"

"द कूलर स्टॉप्ड," कोणी म्हणालं. "यू स्टॉप्ड द कूलर," ताई म्हणाल्या, आणि लगेच, "सर, आता लावा ना, घामानं जीव चालला."

दोन्ही बरोबर. शब्द तोच, क्रियापदाच्या आधी कोण बसलंय तेवढंच बघायचं. कूलर आधी बसला की मी गायब.

मग खुलासा लिहायला बसलो. 'द स्ट्रॅप ब्रोक. द पॅलेट फेल. द बॉक्सेस ब्रोक.' तीन वाक्यं, एकातही आय नाही. पोट्ट्याचा चेहरा फुलला. मला मात्र राहवलं नाही. विचारलं, "पट्टा आपोआप तुटला?"

तो मोबाइलकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "वळण थोडं जोरात घेतलं होतं जी. पण पट्टा आधीच झिजला होता. मी दोनदा सांगितलं होतं त्यायले."

आता काय लिहायचं? ताईंचं मत, वळणाचं लिहूच नको, कोणी पाहिलं नाही. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, पट्ट्याचं तेवढं आधी लिही. मी गप्प बसलो. व्याकरण शिकवणं माझं काम, खुलासा त्याचा. त्यानं बराच वेळ टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. शेवटी दाखवलं: 'आय रिपोर्टेड द ओल्ड स्ट्रॅप टू टाइम्स. आय टुक द टर्न फास्ट. द स्ट्रॅप ब्रोक अँड द पॅलेट फेल.' मी फक्त 'टू टाइम्स'चं 'ट्वाइस' केलं. रिपोर्ट आणि टेक त्यानं आपणहून सकर्मक लिहिले होते, कर्त्यासकट.

तिसऱ्या दिवशी तो क्लास सुरू व्हायच्या आधीच दारात उभा. ऑफिसचं उत्तर आलं होतं, एका ओळीचं: 'युअर एक्स्प्लनेशन हॅज बीन नोटेड.' पैशांबद्दल अवाक्षर नाही.

त्यानं ओळ दोनदा वाचली आणि मला विचारलं, "सर, यात कर्ता कुठं गेला?"