तलावाचा गाळ: कुठून उचलायचा, किती टाकायचा

एप्रिल उजाडला की दुष्काळी पट्ट्यातले पाझर तलाव तळ दाखवू लागतात आणि पोकलेनमागे ट्रॅक्टरांची रांग लागते. ट्रॉली जिथे सहज उतरते तिथून रानात टाकायचा गाळ भरायचा, एवढाच बहुतेकांचा हिशेब असतो. ट्रॉली सहज उतरते ओढ्याच्या तोंडाशी, आणि गाळासाठी नेमकी तीच जागा सगळ्यात वाईट.

ओढ्याचं पाणी तलावात शिरलं की त्याचा वेग मरतो आणि जड कण आधी बसतात. स्थिर पाण्यात ०.१ मि.मी.चा बारीक वाळूचा कण सेकंदाला साधारण ८ मि.मी. खाली जातो. ०.०२ मि.मी.च्या पोयट्याच्या कणाला एक सेंटिमीटर उतरायला अर्धा मिनिट लागतो. ०.००२ मि.मी.चा चिकणमातीचा कण तर एक फूट उतरायला जवळजवळ अख्खा दिवस घेतो. म्हणून तोंडाशी वाळू, मधल्या पट्ट्यात पोयटा आणि भरावाजवळ, म्हणजे तलावाच्या बांधाजवळ, चिकण अशी वाटणी आपोआप होते. बोलताना आपण या सगळ्यालाच गाळ म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो. शिवाय २०१७ साली आलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत वाळू काढायला मनाई आहे, त्यामुळे तोंडाशी खोदणं कागदावरही अडचणीचं.

हलक्या रानासाठी मधला पट्टा उत्तम. भरावाजवळचा गाळ दिसायला काळाभोर आणि लोण्यासारखा असतो, पण आपल्याकडे तो काळ्या पाषाणाच्या झिजेतून आलेला, म्हणजे भिजला की फुगणारा आणि वाळला की दगड होणारा. तो वापरता येतो, फक्त थर पातळ ठेवावा लागतो. भरावाच्या अगदी पायथ्याशी मात्र खोदूच नये, बांध कमजोर होतो.

वाळलेला तळ पाहूनही बरंच कळतं. हातभर खोल, रुंद भेगा असतील तर चिकण जास्त. वरचे पापुद्रे खापरासारखे वर वळलेले असतील तर पातळ बारीक थराखाली जाड माती आहे. दोन-अडीच फुटांचा खड्डा घेतला की थर मोजता येतात: प्रत्येक मोठ्या पुराचा तळाशी जाड, वर बारीक असा एकेक पदर. नमुना सगळ्या पदरांचा मिळून घ्यायचा, नुसता वरचा नाही.

घरी करायची चाचणी सोपी आहे. एक लिटरच्या सरळ बाटलीत एक तृतीयांश कुटलेला गाळ, वर पाणी आणि चमचाभर धुण्याची पावडर. मीठ घालू नका, त्याने चिकण गोळा होऊन लवकर बसते आणि माप फसतं. पाच-दहा मिनिटं जोरात हलवून ठेवा. पहिल्या मिनिटात बसतो तो वाळूचा थर, दोन तासांत पोयटा, दुसऱ्या दिवसापर्यंत चिकण. थरांवर पेनाने खुणा करून पट्टीने मोजा. वाळू निम्म्याहून जास्त निघाली तर डिझेल जाळण्यात अर्थ नाही.

प्रयोगशाळेत मात्र क्षार तपासून घ्याच. विद्युत वाहकता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत हवा. वाळलेल्या तळावर पांढरट बुरशीसारखा थर दिसला तर तिथला गाळ सोडून द्या. चुनखडी १० टक्क्यांच्या वर असेल तर भुईमूग आणि मोसंबीची पानं लोहाअभावी पिवळी पडतात, मग फेरस सल्फेटच्या फवारण्या मागे लागतात. गाळ निळसर करडा असून सडक्या अंड्यासारखा वास मारत असेल तर घाबरायचं कारण नाही, तो हवेविना पडून होता एवढंच. रानात पसरून आठ-पंधरा दिवस ऊन खाऊ द्या, वास जातो आणि रंग तपकिरी होतो.

आता माप. एका एकरात १ इंच थर म्हणजे ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), ४ इंच म्हणजे १४५ ब्रास. ट्रॉली एक ब्रासची धरली तर तेवढ्या खेपा. ट्रॉलीतला गाळ भुसभुशीत झालेला असतो, बसल्यावर थर कमी भरतो, म्हणून खेपा थोड्या जास्तच धरा. मुरमाड, बरड रानात ३ ते ४ इंच योग्य. भरावाजवळचा चिकण गाळ असेल तर २ इंचांवर थांबा. खोल काळ्या रानात गाळ टाकण्याची हौस मुळीच करू नका, आधीच निचरा कमी असलेलं रान आणखी चिबड होतं.

४ इंच चांगला गाळ पिकाला मिळेल असं साधारण १८ मि.मी. पाणी धरतो. पावसाच्या खंडात पीक रोज ४ ते ५ मि.मी. पाणी ओढतं, म्हणजे चार दिवसांची उसंत. महिनाभराचा खंड गाळावर निघेल असं कुणी सांगत असेल तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. खरा फायदा खत धरून ठेवण्यात आणि मुळांना जागा मिळण्यात आहे, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो.

पसरून सोडून देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बारीक मातीखाली जाड मुरूम असला की वरचा थर जवळजवळ पूर्ण भिजेपर्यंत पाणी खाली उतरत नाही. मोठ्या पावसात वर चिखल आणि खाली कोरडं, मुळं वरच्या चार इंचांतच फिरतात. म्हणून मे महिन्यात आडवी-उभी नांगरट करून गाळ मुरमात मिसळायचा. ढेकळं तशीच राहू द्या, पहिले एक-दोन पाऊस ती फोडतात. कोरड्यात रोटाव्हेटर फिरवला की पीठ होतं, आणि पोयट्याच्या पिठावर पाऊस पडून ऊन लागलं की पोपडा धरतो. बाजरी आणि कांद्याचं बी त्याखालीच गुदमरतं. वाफसा आल्यावर हलकं दाताळं फिरवून पोपडा मोडावा. एकरी दोन-चार टन शेणखत सोबत मिसळलं तर कण एकमेकांना धरतात आणि पोपड्याचं प्रमाण घटतं.

गाळात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो आणि नत्र सावकाश सुटतं, त्यामुळे पहिल्याच वर्षी खताची मात्रा निम्मी करू नका. उजनी किंवा नाथसागर धरणाचं पाणी हटल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत हरभरा-ज्वारी कमी खर्चात येते ती मुख्यतः ओलीच्या जोरावर. तिथे फूटभर नाही, खोलवर ओल असते आणि पाणी हटेल तसतशी पेरणी होते. ट्रॉलीतून रानात आलेल्या चार इंचांकडून तेवढी अपेक्षा धरू नये.

गाळाबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या काश्याही येतात. गाळ उचलतानाच तळावरचा हिरवा थर चार-सहा इंच खरवडून बाजूला टाकायला पोकलेनवाल्याला सांगा. त्याची कुरकुर ऐकून घ्या, पण पुढे दोन वर्षं खुरपणीवर जाणारा पैसा त्याहून जास्त असतो.