काचबिंदू पिकत नाही

आमच्या घरात सुमारे दोन वर्षे एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी होते : "अण्णांचा मोतीबिंदू अजून पिकलेला नाही." हे प्रथम कोण म्हणाले ते आता कोणालाच आठवत नाही. गावातल्या एका तपासणी शिबिरात कोणीतरी बॅटरी मारून अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, डोळे पाहिले होते आणि थोडा मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू, असे सांगितले होते. ते खोटेही नव्हते. मोतीबिंदूच्या शेजारी दुसरा एक आजार मुक्कामाला आला आहे, हे मात्र बॅटरीच्या उजेडात दिसणारे नव्हते. त्या दोन वर्षांत चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, भिंगे दोनदा घासून झाली आणि अण्णांच्या उजव्या डोळ्यातली बरीचशी दृष्टी कायमची गेली.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे इतकी सख्खी भावंडे वाटतात की, दोन्हींचा स्वभावही सारखाच असेल असे आपण धरून चालतो. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसवले की माणूस दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागतो, आणि म्हणूनच त्यात थोडी वाट पाहिली तरी सहसा बिघडत नाही. काचबिंदूत भिंग स्वच्छही असू शकते. बिघाड होतो तो डोळ्याच्या मागच्या बाजूने मेंदूकडे जाणाऱ्या नसेत. या नसेत सुमारे दहा ते बारा लाख बारीक तंतू असतात. ते एकेक करून मरतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. काचबिंदू पिकत नाही, तो फक्त पुढे सरकतो.

अण्णांच्या बाबतीत खुणा होत्या, पण त्या डोळ्यांच्या खात्यात कोणी मांडल्या नाहीत. चहाची बशी टेबलाच्या कडेच्या थोडी बाहेर ठेवली जायची. दारातून जाताना उजवा खांदा चौकटीला घासायचा. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. आई म्हणायची, "वय झालंय, जरा हळू चाला." अण्णा मात्र रोज सकाळी वर्तमानपत्रातला बारीक मजकूर वाचत आणि कोणी डोळ्यांचा विषय काढला की तोच पुरावा म्हणून पुढे करीत. या आजाराची खरी लबाडी इथेच आहे. काचबिंदू बहुधा मधली नजर शेवटपर्यंत शाबूत ठेवतो आणि कडेकडेचे जग आधी खातो. शिवाय जिथले दिसेनासे होते तिथे काळा डाग दिसत नाही. आजूबाजूचा रंग आणि आकार पसरून मेंदू ती जागा स्वतःच भरून काढतो, आणि एका डोळ्यातली उणीव दुसरा डोळा झाकतो. त्यामुळे रोग्याला आपले काही हरवले आहे हेच कळत नाही. एक एक डोळा हाताने झाकून पाहण्याची साधी सवयही आपल्याकडे फारशी नसते. अण्णांना डॉक्टरांनी डावा डोळा झाकायला लावला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले होते.

हे सगळे घडते कशामुळे, हे मला डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले, आणि घरी आल्यावर मी ते आईला मोरीच्या भाषेत सांगितले. डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असते. अश्रूंचा त्याच्याशी संबंध नाही. ते आतच झिरपते, भिंगाला आणि समोरच्या पारदर्शक पटलाला पोसते आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून रक्तात मिसळते. त्याचे प्रमाण मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर, म्हणजे एक थेंब जमायला पंधरा-वीस मिनिटे लागावीत इतके थोडे. नळ तेवढाच सुरू आहे आणि मोरीची जाळी मात्र हळूहळू तुंबत चालली आहे, अशी स्थिती आली की आतला दाब वाढतो आणि तो दाब नसेला जाचतो. हा झाला उघड्या कोपऱ्याचा काचबिंदू. तो दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही.

दुसऱ्या प्रकारात जाळी चांगली असते, पण बुबुळाचा रंगीत पडदाच पुढे सरकून तिच्यावर बुचासारखा बसतो. आशियातील लोकांत, आणि त्यातही स्त्रियांत, हा प्रकार तुलनेने अधिक आढळतो. तो पुष्कळदा गुपचूप वाढतो, पण कधीकधी एका रात्रीत उसळतो. आमच्या शेजारच्या काकूंना असा झटका आला होता : अर्धे डोके फुटेल असे दुखणे, उलट्या, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी, एक डोळा लालभडक. घरच्यांनी पित्त समजून रात्रभर कोकम सरबत आणि आल्याचा रस दिला. पित्ताने एकच डोळा लाल होत नाही, हे त्या रात्री कोणाच्या ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दाब उतरवणारी औषधे शिरेतून द्यावी लागली आणि नंतर लेसरने दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना बारीक भोक पाडण्यात आले. दुसऱ्या डोळ्यालाही तोच धोका असतो, म्हणून दोन्ही. पडद्याला वाट करून देण्याची ही कल्पना जुनी आहे. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये शस्त्राने पडद्याचा तुकडा कापून हे साधले होते. आज तेच काम दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून काही मिनिटांत होते.

अण्णांचे निदान झाले त्याच दिवशी डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारले, "तुमचं वय काय?" मी तेव्हा शेहेचाळिशीत होतो आणि मला उत्तम दिसत होते. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. चाळिशीनंतरचे वय, जास्त मायनस नंबर आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड ही त्यात भर घालणारी कारणे आहेत. स्टेरॉइडचे विशेष सांगावेसे वाटते, कारण डोळे चुरचुरले की मेडिकलच्या दुकानातून मागच्या वेळचीच बाटली मागून आणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या थेंबांनी खाज आणि लाली पटकन जाते. काही जणांच्या डोळ्यांत मात्र ती जाळी चोंदत जाते. ऍलर्जीमुळे सतत डोळे चोळणाऱ्या मुलांना असे थेंब महिनोन्महिने घातले गेल्याने त्यांची नजर गेल्याची उदाहरणे नेत्रतज्ज्ञ नेहमी सांगतात.

माझी तपासणी दोन बैठकांत झाली. डोळ्यात पिवळा थेंब टाकून निळ्या उजेडात दाब मोजला, तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये चोवीस निघाला. साधारणतः दहा ते एकवीस हा दाब ठीक समजतात, पण त्या आकड्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. माझे समोरचे पटल पातळ आहे, ४९८ मायक्रॉन, आणि पातळ पटलावर यंत्र खरा दाब कमी दाखवते. म्हणजे माझे चोवीस प्रत्यक्षात त्याहून जास्त असू शकतात. उलट दाब एकविसाच्या आत असूनही नस झिजत गेलेले पुष्कळ रोगी असतात. म्हणून डॉक्टर आरशाच्या भिंगाने कोपरा उघडा आहे की मिटलेला ते पाहतात, बाहुली मोठी करून नसेचे तोंड पाहतात, ओसीटी या डोळ्यातल्या थरांचे चित्र काढणाऱ्या यंत्रावर तंतूंच्या थराची जाडी मोजतात आणि शेवटी फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा घेर किती उरला आहे याची परीक्षा, करतात.

ही फील्ड टेस्ट ज्यांनी दिली आहे त्यांना तिचा उल्लेखही नकोसा वाटतो. एक डोळा पट्टीने बंद, हनुवटी टेकलेली, समोर पांढरी अर्धगोल वाटी आणि तिच्यात कुठेतरी लुकलुकणारे ठिपके. नजर मधल्या दिव्यावरून हलवायची नाही आणि ठिपका जाणवला की हातातले बटण दाबायचे. दोन मिनिटांत यंत्राची टिकटिक ठिपक्यांच्या आधी ऐकू येऊ लागते आणि माणूस न दिसलेल्या ठिपक्यांनाही बटण दाबू लागतो. अण्णा तर पहिल्या वेळी चक्क झोपले. "आजोबा, समोर बघा, समोर," असे तिथल्या मुलीने किती वेळा म्हटले असेल! पहिली टेस्ट बहुतेकांची वाईटच येते, ती पुन्हा करावी लागते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. माझ्या दुसऱ्या टेस्टच्या छापील कागदावर नाकाच्या बाजूला वर एक छोटा राखाडी चौकोन तसाच राहिला. तो मला आजही दिसत नाही, म्हणजे तिथे काही दिसत नाही हेच दिसत नाही.

उपचार म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला वेळ लागला, कारण इतर कोणत्याही उपचारातून आपण बरे वाटण्याची अपेक्षा करतो. इथे औषध घेतल्याने काहीही सुधारत नाही. दाब उतरतो आणि पुढची झीज मंदावते किंवा थांबते, इतकेच. स्वीडनमध्ये माल्मो येथे झालेल्या दीर्घ अभ्यासातून दिसले की, दाबातली प्रत्येक मिलिमीटरची घट आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी करते. त्या एकेका मिलिमीटरसाठी रोजचा थेंब टाकायचा.

रात्री एकदा टाकायचा लॅटानोप्रॉस्टसारखा थेंब १९९६ पासून वापरात आहे; तो पाण्याला बाहेर पडायला आणखी एक वाट मोकळी करून देतो. त्याने पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, भोवतालची त्वचा काळवंडते. अण्णांच्या पापण्या पाहून नातवंडे हसतात. टिमोलॉल त्याहून जुना आणि स्वस्त आहे, पण दमा असलेल्याला किंवा नाडी मंद चालणाऱ्याला तो धोक्याचा ठरू शकतो. थेंब डोळ्यात टाकला तरी तो नाकावाटे रक्तात जातो, म्हणून दम्याची गोष्ट डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगायला हवी. याच कारणाने थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरायचा असतो, आणि दुसरा थेंब असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यायची असतात.

आमच्याकडे अडीच मिलिलिटरची बाटली अठराव्या दिवशीच संपायची आणि औषध महाग आहे अशी तक्रार व्हायची. एका रात्री मी अण्णांच्या समोर बसून पाहिले. त्यांचा हात थरथरत होता. पहिला थेंब गालावर, दुसरा भुवईवर आणि तिसरा पापणीच्या केसांत गेला. त्या बाटलीत सुमारे ऐंशी थेंब असतात, दोन डोळ्यांना महिन्याला साठ पुरतात. म्हणजे दाब उतरत नव्हता तो औषधाचा दोष नव्हता. आता ते उशीवर डोके टेकून झोपतात, आई खालची पापणी ओढून एकच थेंब टाकते आणि बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहिते.

थेंबांऐवजी आरंभालाच लेसर करून जाळी मोकळी करण्याचा मार्गही आता चांगलाच मान्य झाला आहे. ब्रिटनमधल्या २०१९ च्या अभ्यासात, असा लेसर केलेल्या दर चार रोग्यांपैकी जवळजवळ तिघांना तीन वर्षे थेंबांशिवाय दाब आटोक्यात ठेवता आला. मी तोच मार्ग घेतला. लेसरचा गुण काही वर्षांनी ओसरू शकतो, त्यामुळे दर सहा महिन्यांची तपासणी काही सुटली नाही. सुटले ते शीर्षासन. चेन्नईत झालेल्या अभ्यासात शीर्षासनाच्या वेळी डोळ्यातला दाब दुप्पट होत असल्याचे आढळले होते, आणि वीस वर्षांची माझी ती सवय मला त्याच आठवड्यात सोडावी लागली. खरे सांगायचे तर लेसरपेक्षा ते जड गेले.

अण्णांच्या डाव्या डोळ्याचे मात्र ऑपरेशन करावे लागले. त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात झाकणासारखी एक खिडकी करून पाण्याला वरच्या पापणीखाली झिरपायला वाट देतात. ही बहुधा एकमेव जखम असेल जी पूर्ण भरून येऊ नये म्हणून डॉक्टर औषध लावतात; ती बुजली तर ऑपरेशन वाया जाते. तिथे कायमचा एक छोटा फुगवटा राहतो, आणि तो डोळा कधीही लाल झाला, दुखला किंवा चिकटू लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. शेजाऱ्याच्या मोतीबिंदूसारखी पट्टी काढताच लख्ख दिसेल, असे अण्णांना वाटत होते. पहिले काही आठवडे उलट अंधुकच दिसले आणि ते रागावले. डॉक्टर त्यांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "गुरुजी, हे ऑपरेशन मिळवायला नाही, राखायला केलंय." चार वर्षे झाली, डाव्या डोळ्याची फील्ड जिथे होती तिथेच आहे.

माझा धाकटा भाऊ त्रेचाळीस वर्षांचा आहे, आणि त्यालाही व्यवस्थित दिसते. तीन वर्षे टाळाटाळ केल्यावर तो येत्या शनिवारी नाशिकहून तपासणीला येतो आहे. मी त्याला जुना चष्मा आणि चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणायला सांगितले आहे, आणि मोटारसायकलवर येऊ नकोस असेही बजावले आहे, कारण बाहुली मोठी करणारा थेंब टाकल्यावर पुढचे चार-पाच तास त्याला रस्ता नीट दिसणार नाही.