खवलारांची शस्त्रं, नोंद चौथी: अंगठाच नाही तर सोडायचं कसं?

मागच्या नोंदीतल्या चित्रात खवलाराच्या हातात झकास लांब भाला होता. तो भाला हा प्राणी धरणार कसा, हा विचार चित्र काढताना माझ्या डोक्यातही आला नव्हता. आता आला, आणि तीन आठवडे त्यातच गेले.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. खवलार म्हणजे मी कल्पनेने रचलेला, खवले मांजराच्या वळणावर बेतलेला, माणसाच्या छातीएवढ्या उंचीचा, दोन पायांवर चालणारा प्राणी. दोन पायांचं श्रेय माझं नाही. आफ्रिकेतलं टेमिंकचं खवले मांजर खरंच मागच्या पायांवर चालतं, पुढचे पाय छातीशी दुमडून, शेपटीने तोल सांभाळत. पुढच्या पंजाची मधली तीन नखं मोठी आणि आत वळलेली असतात, वारूळ फोडायला. तोच पंजा मी ठेवलाय. नखं मिटतात, अडकतात, ओढतात. पण समोरून दाबायला अंगठा येत नाही. वर खांद्यावरचे खवले एकमेकांवर चढून अडतात, म्हणून कोपर खांद्याच्या वर जात नाही.

म्हणजे डोक्यावरून भाला फेकणं पहिल्याच फटक्यात बाद. संशोधक नील रोच आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिलं होतं की माणूस हात मागे नेतो तेव्हा खांद्यातले स्नायुबंध आणि अस्थिबंध रबरासारखे ताणले जातात आणि तीच ऊर्जा पुढे झटक्यात सुटते. चिंपांझीच्या अंगात ताकद भरपूर, पण खांद्याची घडण वेगळी, त्यामुळे त्याची फेक ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच राहते. खवलाराला मी त्याच रांगेत बसवलं.

मग स्वतःलाच खवलार करून घेतलं. उजव्या दंडाभोवती आणि छातीभोवती मिळून एक रुंद पट्टा, कोपर वर जाऊ नये म्हणून. जाड हातमोज्यावर तीन नखं: बांबूच्या कामट्या वाफेवर वाकवून, सुतळीने बोटांना गच्च बांधलेल्या. अंगठा तळव्याला टेपने चिकटवलेला. या हाताने पाण्याची बाटलीसुद्धा उघडता येत नाही, हे तहान लागल्यावर कळलं.

वेग मोजायला फोनचं स्लो मोशन, सेकंदाला २४० फ्रेम. उड्डाणाच्या रेषेत एक मीटरच्या खुणा केलेली काठी ठेवायची आणि ते अंतर कापायला किती फ्रेम लागल्या ते मोजायचं. वीस फ्रेम लागल्या तर सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. पहिल्या दिवशी मी ही काठी मागच्या भिंतीला टेकवली होती. कॅमेरा उड्डाणरेषेपासून ६ मीटरवर, भिंत रेषेच्या आणखी २ मीटर मागे. सगळे आकडे एक तृतीयांशाने फुगले आणि संध्याकाळभर मी माझ्याच दंडावर खूश होते. ती वही फाडली.

सुरुवात फेककाठीने केली, कारण तिचा नमुना खणखणीत आहे. जर्मनीतल्या शोनिंगनला २०१६ साली अश्मयुगातल्या माणसाची, स्प्रूसच्या लाकडाची फेककाठी सापडली: लांबी ६४.५ सेंटिमीटर, वजन २६४ ग्रॅम, दोन्ही टोकं निमुळती. माझी ६२ सेंटिमीटरची आणि २७० ग्रॅमची, एका कडक, किंचित वाकड्या फांदीची. मोकळ्या हाताने डोक्यावरून फेकली तर मीटरला १३ फ्रेम, ताशी ६६ किलोमीटर. पट्टा आणि नखं चढवून कमरेच्या उंचीवरून आडवी फेकली तर २७ फ्रेम, ताशी ३२. चिंपांझीच्या शेजारी जाऊन बसले, म्हणजे पट्टा आपलं काम करतोय.

वेगाचं एक वेळ चालेल, पण काठी सुटायची केव्हा याचा नेम नव्हता. आपण काहीही फेकतो तेव्हा शेवटच्या क्षणी अंगठा दाब सोडतो आणि बोटांची टोकं वस्तूला दिशा देतात. नखांच्या आकड्यात हे काहीच नाही. काठीच्या ओढीने नखं उलगडली की ती गेली. निसटू नये म्हणून मी काठीच्या टोकाला गाठीसारखी मूठ ठेवली. वाटलं, शहाणपणा केला. तिसऱ्या फेकीत मूठ मधल्या नखात अडकली, काठी अर्धा फेरा घेऊन खाली आली आणि थेट माझ्या नडगीवर बसली. (नडगीला पॅड लावा. हसू नका, लावा.)

मग उलटं केलं. मूठ तासून टाकली, टोक बोटाएवढं बारीक केलं आणि शेवटची दहा सेंटिमीटर पॉलिश पेपरने काचेसारखी गुळगुळीत घासली. आता फेक ऐन वेगात आली की काठी घसरून सुटते आणि दर वेळी जवळपास त्याच जागी सुटते. बारा पावलांवरच्या पेंढ्याच्या पोत्यावर दहातल्या सहा लागल्या. शोनिंगनच्या काठीची टोकं निमुळती का, याचा याच्याशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, माणसाला अंगठा आहे. पण खवलाराच्या काठीला मूठ नसणार, हे माझ्यापुरतं पक्कं झालं. चित्रं पुन्हा काढावी लागणार.

गोफणीवर फार शाई घालवत नाही. एक पदर नखात अडकवता येतो, पण दुसरा चिमटीत धरून ऐन वेळी सोडायचा असतो, आणि चिमूट नाही तर गोफण नाही. दोन नखांच्या फटीत पदर दाबून पाहिला. दगडाऐवजी ओली वाळू भरलेली कापडी पुरचुंडी घेतली होती म्हणून निभावलं, कारण ती सरळ वर गेली आणि मी तिच्या खालीच उभी.

खरी गंमत फासाच्या भाल्यात आली. प्राचीन ग्रीक भालाफेके दांड्याला चामड्याची वादी गुंडाळून तिच्या फासात एकदोन बोटं घालत. हात लांब झाल्यासारखा होतो, शिवाय वादी उलगडताना भाला स्वतःभोवती फिरतो आणि सरळ जातो. म्हणजे त्यात चिमूट नाही, मूठ नाही, फक्त एक आकडा लागतो. खवलाराकडे जन्मजात तीन आहेत! इतके दिवस ज्या नखांशी भांडत होते, त्यांच्यासाठी ही युक्ती आयती होती.

बांबूचा दीड मीटरचा बारीक दांडा घेतला, पेरांवरचे उंचवटे कानसीने उतरवले, बोटावर तोलून मध्य काढला. सुती दोरीचे अडीच वेढे, पुढे फास. पहिला फास १२ सेंटिमीटरचा होता. नखातून सुटायला इतका वेळ लागायचा की भाला डावीकडे वळायचा. कमी करत ७ वर आले. दोरी तोलाच्या बऱ्याच मागे बांधली की शेपूट डुलते, तोलाच्या लगेच मागे बांधली की शांत. कमरेच्या उंचीवरून, पट्ट्यासकट, मीटरला १९ फ्रेम. ताशी ४५! तोच बांधलेला दंड, आणि वेग जवळजवळ दीडपट. (भाला काठीपेक्षा हलका आहे, म्हणून सगळं श्रेय फासाला देत नाही. पण तोच भाला फासाशिवाय नखांतून नीट सुटतही नाही.)

टोक विस्तवावर भाजून कडक करायचा मोह सगळ्यांना होतो. लाकूड थोडं कडक होतं खरं, पण ठिसूळही होतं. भाजलेली दोन टोकं पोत्यामागच्या फळीवर मोडली, न भाजलेलं नुसतं बोथट झालं. खवलारांची टोकं खवल्यांची असावीत असं मनात आहे. खवला म्हणजे केराटिन, शिंगासारखंच, म्हणून जुन्या शिंगाच्या फणीचा तुकडा गरम करून वाकवून पाहिला. चांगला वळतो, धारही धरतो. खरे खवले वापरायचं कोणी सुचवू नये. खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आणायचं २०१६ च्या साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत ठरलं, आणि ते नसतं तरी मी हात लावला नसता.

शेपटीचं कोडं मात्र तसंच आहे. फेकताना माणूस कंबर आणि धड फिरवतो, बराचसा जोर तिथून येतो. कंबरेला मागून तीन किलो वाळूचा लांब मोजा बांधून फेकले तर धड उशिरा फिरलं, मोजा त्याहून उशिरा, आणि फेक झाल्यावर त्याने मला पाव फेरा ओढत नेलं. पण मोजा आधीच उलट दिशेला झुलवून घेतला आणि तो परत येताना फेकलं, तर दोनदा १७ फ्रेम आल्या. दोनच वेळा. बाकीच्या आठ वेळा मी पडले नाही एवढंच. मोज्याऐवजी आता वेताची, सांध्यासांध्यांनी वळणारी शेपूट बांधायला घेतली आहे. सात मणके झालेत, बारा बाकी आहेत.