हाडं दोन दिवसांत तपासून झाली, पेटी कोर्टात यायला चार तारखा लागल्या

साक्ष द्यायला चार वेळा कोर्टात गेले. आमच्या कॉलेजपासून ते कोर्ट एसटीने साडेतीन तास, पहाटे पावणेसहाची गाडी धरायची आणि घरी यायला रात्रीचे आठ. त्यातल्या तीन वेळा मी पिंजऱ्यात पायसुद्धा ठेवला नाही, कारण प्रत्येक वेळी एकच, हाडांची पेटी कोर्टात आलेली नाही. अजून आठवलं तरी डोकं तापतं म्हणून लिहायला बसलेय. जे ज्युनिअर आत्ता फॉरेन्सिकला एमडी करतायत त्यांना पहिलं समन्स येईल तेव्हा यातलं काहीतरी नक्की कामाला येईल.

मी सरकारी मेडिकल कॉलेजात फॉरेन्सिक मेडिसिनला आहे. आपल्याकडे फक्त हाडांसाठी वेगळा माणूस क्वचितच असतो, त्यामुळे विहिरीत, जंगलात, शेतात कुठेही हाडं सापडली की पोलीस ती आमच्याकडे नाहीतर अ‍ॅनाटॉमीकडे आणतात. ही केस जानेवारी २०१९ ची. ऊसतोड चालू होती, टोळीतल्या एका बाईला फडात कवटी दिसली. दुसऱ्या दिवशी हवालदार खताच्या गोणीत सगळं भरून घेऊन आले, त्यात मातीची ढेकळं, पाचट, सगळंच. सोबतच्या पत्रात प्रश्न होते: माणसाची हाडं आहेत का, बाई की पुरुष, वय, उंची, मरून किती दिवस झाले, मृत्यूचं कारण काय आणि हत्यार कुठलं.

हाडांचं काम थोडक्यात सांगते कारण तिथे काही अडलं नाही. टेबलावर ब्राऊन पेपर अंथरून हाडं शरीरात असतात त्या क्रमाने मांडायची, कवटीपासून पायापर्यंत. मोठ्या माणसात २०६ असतात, आमच्याकडे शंभराच्या वर आली, हातापायाची बारीक हाडं बरीच गायब. तीन बरगड्या शेळीच्या निघाल्या त्या बाजूला काढल्या. एकही हाड दोनदा आलं नव्हतं, सगळी एकाच मापाची, म्हणजे एकच व्यक्ती. मग कमरेचं हाड. त्याच्या मागच्या बाजूला जी खाच असते, सायटिक नॉच, तिच्यात मी नेहमी अंगठा घालून बघते, बाईच्या हाडात अंगठा इकडेतिकडे हलतो, पुरुषाच्या हाडात अडकतो. इथे मोकळा हलला. पुढच्या बाजूचा कोनही रुंद, कवटीवर भुवईचा उंचवटा जवळजवळ नाहीच. वयासाठी गळपट्टीचं हाड, त्याचं छातीकडचं टोक शरीरात सगळ्यात शेवटी जुळतं, ते अर्धवट जुळलेलं होतं, अक्कलदाढा आलेल्या. मी २० ते २८ लिहिलं.

दोन ठिकाणी तुटलेलं होतं. कवटीला डाव्या बाजूला कानाच्या वर एक खचलेला भाग, त्यातून दोन चिरा निघालेल्या. आणि उजव्या नडगीवर एक सरळ छेद. ही दोन लक्षात ठेवा, पुढे सगळं यांच्यावरच आलं.

डीएनएसाठी मांडीच्या हाडाच्या मधला तुकडा आणि दोन दाढा वेगळ्या सील करून दिल्या. बाकीची हाडं एका लाकडी पेटीत, लाखेचं सील, लेबल, आणि हवालदारांची सही घेऊन परत. काही महिन्यांनी डीएनए एका बेपत्ता मुलीच्या आईच्या रक्ताशी जुळला. मुलगी चोवीस वर्षांची होती. मग एकाला अटक झाली, चार्जशीट गेलं, मध्ये कोविडची दोन वर्षं गेली, आणि मला समन्स आलं ते २०२३ च्या फेब्रुवारीत.

इथे एक गोष्ट सांगते, नवीन लोकांना हे माहीतच नसतं. केमिकल अ‍ॅनालायझरचा, म्हणजे सरकारी लॅबमधल्या तपासनीसाचा रिपोर्ट, आपण ज्याला सीए रिपोर्ट म्हणतो तो, बऱ्याचदा माणूस न बोलावता तसाच वाचला जातो, कायद्यात तशी सोय आहे. डॉक्टरच्या रिपोर्टला ती सोय नाही. बचाव पक्षाने मान्य केला तर ठीक, नाहीतर तुम्हाला जावंच लागतं आणि रिपोर्टमधली ओळ न ओळ तोंडाने सिद्ध करावी लागते.

पहिली तारीख. साडेदहाला पोचले, बोर्डावर केस सातव्या नंबरला. सरकारी वकिलांनी रिपोर्ट चाळला आणि पहिलाच प्रश्न, मॅडम, कवटी दाखवावी लागेल, पेटी आलीय का? मी म्हटलं, पेटी पोलिसांकडे दिली होती. पैरवी हवालदार, म्हणजे पोलिसांकडून कोर्टाचं काम बघणारे, म्हणाले, आमच्याकडे नाही, डीएनएला गेली असेल. मी म्हटलं, डीएनएला तुकडा आणि दाढा गेल्या, पेटी नाही. फोनाफोनी झाली आणि साडेतीनला पुकारा होऊन पुढची तारीख मिळाली. पेटीशिवाय साक्ष का घेत नाहीत असं मला तेव्हा वाटलं होतं, कारण मी फोटो जोडले होते. पण कोर्टाच्या फाईलमध्ये होती त्यांची काळीपांढरी झेरॉक्स. सगळा मुद्दा जखमेच्या कडेच्या रंगाचा आणि कागदावर नुसता काळा डाग. हे आधीच सांगायला हवं होतं: रंगीत फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, प्रत्येक जखमेचा जवळून एक आणि लांबून एक, आणि सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट. आधी ते ६५-ब चं असायचं, जुलै २०२४ पासून नवीन साक्ष्य कायद्यात कलम ६३ झालंय. ते नसेल तर फोटोवर पण हरकत येते.

दुसरी तारीख महिन्याने. पेटी आली! सील बघितलं तर माझं नाही. आत कपडे आणि एक काठी, दुसऱ्याच केसचा मुद्देमाल.

तिसऱ्या तारखेला सरळ सांगितलं गेलं की मुद्देमाल खोलीत शोधलं, या गुन्ह्याच्या नंबरची हाडांची पेटी नाही. न्यायाधीश चिडले, त्यांनी पोलिसांकडून लेखी खुलासा मागितला. बचावाचे वकील उठून म्हणाले, हाडंच नाहीत तर डॉक्टरांनी तपासलं काय? मला इतका राग आला की हात थरथरत होते. हाडं गहाळ होणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, पेणजवळ २०१२ साली सापडलेल्या अवशेषांच्या, शीना बोराच्या त्या गाजलेल्या खटल्यात २०२४ मध्ये कोर्टाला सांगितलं गेलं होतं की हाडं सापडत नाहीयेत, मग काही दिवसांनी ती सापडली. एवढ्या मोठ्या केसमध्ये होतं तर ऊसाच्या फडातल्या मुलीसाठी कोण धावणार.

त्या मुलीची आई तिन्ही तारखांना आली होती. जिन्याखालच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायची. तिसऱ्या वेळी मी शेजारी जाऊन बसले तर हळूच म्हणाली, मॅडम, पोरगी हरवली तेव्हा एकदा शोधली, आता परत शोधायची का? मला काही बोलता आलं नाही.

रात्री घरी आल्यावर झोप लागेना, दुसऱ्या दिवशी सकाळी डिपार्टमेंटला जाऊन २०१९ चं आऊटवर्ड रजिस्टर काढलं. आमच्या क्लार्कदादांची सवय, घेऊन जाणाऱ्या पोलिसाची नुसती सही घेत नाहीत, बिल्ल्यावरचा बक्कल नंबर लिहून घेतात. नोंद होती: पेटी एक, सील तीन, तारीख, वेळ, बक्कल नंबर. आणि समोर केस नंबर होता तो एडीचा, म्हणजे अकस्मात मृत्यूचा. तिथे माझी ट्यूब पेटली. हाडं सापडली तेव्हा खुनाचा गुन्हा नव्हताच, फक्त एडी दाखल होती. माझं लेबल, माझा रिपोर्ट सगळं एडी नंबरवर. गुन्हा नंतर दाखल झाला, त्याचा नंबर वेगळा आणि सगळे चार महिने त्या नंबरने शोधत होते! बक्कल नंबरवरून हवालदार सापडले, दुसऱ्या ठाण्याला बदली झालेले. त्यांना पेटी चांगली आठवत होती. म्हणाले, मॅडम, मीच ठेवलीय, खोलीत खिडकीकडच्या मांडणीवर, वर एडी नंबर आहे. तास दोन तासात सापडली. चार वर्षं तिथेच होती.

म्हणून हात जोडून सांगते, लेबलवर एडी नंबर असेल तर गुन्हा दाखल झाल्यावर आयओकडून, म्हणजे तपास अधिकाऱ्याकडून, तसं पत्र मागून घ्या आणि दोन्ही नंबर तुमच्या रजिस्टरला एकमेकांसमोर लिहा. घेऊन जाणाऱ्याचा बक्कल नंबर घ्या. ते तुमचं काम नाही असं कोणी म्हणेल, म्हणू दे.

चौथी तारीख, जून. माझ्यासमोर सील दाखवलं, मी ओळखलं, लाख फोडली. कवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, मीच गुंडाळली होती. सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, वीस मिनिटांत झाला, बचावाचा उलटतपास दीड तास.

पहिला हल्ला उंचीवर. मांडीचं डावं हाड अख्खं होतं, ४१ सेंटीमीटर. त्याला गुणक लावून उंची काढतात आणि पुस्तकात गुणक वेगवेगळे आहेत, बंगाल-बिहार-ओरिसाच्या हाडांवरून बाईसाठी ३.८, उत्तर प्रदेशचा ३.७, पंजाबचा ३.६. म्हणजे त्याच हाडावरून कुणी १५५.८ सेंटीमीटर काढेल आणि कुणी १४७.६. वकिलांनी नेमकं तेच धरलं, पंजाबचा गुणक महाराष्ट्रातल्या मुलीला कसा लावला? मी शांतपणे म्हटलं की मी एक आकडा दिलेलाच नाही, १४८ ते १५६ अशी रेंज दिलीय ती याचसाठी. बेपत्ताच्या नोंदीत पाच फूट एक इंच होतं, रेंजमध्ये बसत होतं. मुलगीच कशावरून, शंभर टक्के सांगता का? म्हटलं, एकट्या कमरेच्या हाडावरून साधारण ९५ टक्के, कवटी सोबत असली की ९८ पर्यंत, आणि दोन्ही माझ्यासमोर होती.

मग खरा मुद्दा. त्यांचं म्हणणं, कवटीची जखम ऊसतोडीच्या कोयत्याची, म्हणजे मृत्यूनंतरची आहे, नडगीवर कोयता लागलाय हे डॉक्टरच मान्य करतात, मग कवटीवर का नाही? मी न्यायाधीशांची परवानगी घेऊन कवटी आणि नडगी शेजारी शेजारी ठेवली आणि भिंग दिलं. नडगीच्या छेदाच्या कडा सुक्या खोबऱ्याच्या आतल्यासारख्या पांढऱ्या, वरून हाड मातकट. म्हणजे हाड मातीत मुरून रंगल्यावर घाव पडला. कवटीच्या तुटलेल्या कडेचा रंग मात्र बाकीच्या कवटीसारखाच तपकिरी, आतपर्यंत मुरलेला, आणि चुरा न होता खचलेला तुकडा एका बाजूने हाडालाच चिकटून वाकलेला. वाळकं हाड असं वाकत नाही, फुटतं. ही जखम हाड ओलं असताना, मृत्यूच्या सुमाराची. न्यायाधीश खुर्चीतून पुढे वाकून दोन मिनिटं बघत होते. झेरॉक्सवर हे कधीच दिसलं नसतं.

शेवटी विचारलं, डोक्यावर पडूनही असं होऊ शकतं? मी हो म्हटलं, शक्य आहे. सरकारी वकिलांचा चेहरा पडला, नंतर बाहेर म्हणाले पण, मॅडम एवढं कशाला मान्य केलंत. हाडावरून जे कळत नाही ते मी सांगणार नाही. कवटी जखम कधीची ते सांगते, कुणी केली ते सांगत नाही. हत्यार विचारलं तेव्हाही मी रिपोर्टमध्ये बोथट आणि जड वस्तू किंवा पृष्ठभाग एवढंच लिहिलं होतं, आणि त्या शब्दांनीच मला तिथे वाचवलं.

जबानी टाईप झाली की वाचूनच सही करा. माझ्यात डाव्याचं उजवं झालं होतं, तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं.

बाहेर आले तर मावशी, त्या मुलीची आई, जिन्याखालीच होत्या. आता हाडं मिळतील का, नदीला सोडायचीत, एवढंच विचारलं. मी सांगितलं की निकाल लागेपर्यंत नाही, त्यानंतर अर्ज करावा लागेल. त्यांच्या पिशवीत एक वही होती. तिच्या मागच्या पानावर मी दोन्ही नंबर लिहून दिले, एडीचा आणि गुन्ह्याचा, आणि खाली पेटी कोर्टात नाझरकडे, म्हणजे मुद्देमाल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, जमा झाली त्याचा मुद्देमाल नंबर.